पुरस्कारप्राप्त चित्रपुस्तके आणि खाडीकाठची शाळा

"यात वाचायला आहे काय?"

न्हावा-शेवा परिसरातील एका प्राथमिक शाळेत तिसरी-चौथीच्या गुरुजींनी आम्हांला हा प्रश्न विचारला. त्यांच्या स्वरात उपहास नव्हता. कुतूहल होते आणि थोडी काळजी होती. त्यांच्या हातात आम्ही नेलेले डेव्हिड वीस्नर या अमेरिकी चित्रकाराचे 'फ्लॉटसम' हे पुस्तक होते. २००६ साली प्रकाशित झालेल्या या पुस्तकाला २००७ चे कॅल्डेकॉट पदक मिळाले आणि त्या पदकाची सोनेरी मुद्रा त्याच्या मुखपृष्ठावर आहे. आत मात्र गोष्ट सांगणारे एकही वाक्य नाही. सगळी गोष्ट चित्रांतूनच उलगडते. गुरुजींच्या मागच्या भिंतीवर 'निपुण भारत' अभियानाची उद्दिष्टे लावलेली होती. २०२१ साली सुरू झालेल्या या अभियानानुसार तिसरीच्या अखेरीस मुलाने मिनिटाला किमान ६० शब्द अर्थ समजून वाचावेत अशी अपेक्षा आहे. त्या मापाने पाहिले तर 'फ्लॉटसम'मधून मिनिटाला शून्य शब्द वाचून होतात. गुरुजींचा प्रश्न म्हणूनच रास्त होता, आणि मराठी साहित्य शिकविण्यात वीसेक वर्षे घालविलेल्या आम्हां दोघांना त्याचे उत्तर त्या क्षणी देता आले नाही.

प्रस्तुत लेख म्हणजे ते उत्तर शोधण्याचा प्रयत्न आहे. आमचे म्हणणे आरंभीच सांगून टाकतो. पुरस्कारप्राप्त चित्रपुस्तके प्राथमिक शाळेत गेली पाहिजेत, आणि जेथे ती एरवी पोहोचत नाहीत अशा शाळांत सर्वांत आधी गेली पाहिजेत. मात्र ती नेताना पुरस्काराचा दरारा वर्गाबाहेर ठेवावा लागतो आणि अध्यापकाची तात्पर्य काढण्याची सवयही उंबऱ्याबाहेर ठेवावी लागते. यातली पहिली गोष्ट सोपी आहे. दुसरी आम्हांला फार जड गेली.

सर्वप्रथम 'चित्रपुस्तक' आणि 'सचित्र पुस्तक' यांतील भेद स्पष्ट करणे आवश्यक आहे. आपल्याकडे हे दोन्ही शब्द बहुधा एकाच अर्थाने वापरले जातात. सचित्र पुस्तकात मजकूर स्वयंपूर्ण असतो. चित्र काढून टाकले तरी गोष्ट उभी राहते. मुलांसाठीच्या सचित्र पुस्तकांचा इतिहास सांगताना कोमेनियसच्या १६५८ मधील 'ऑर्बिस सेन्सुअलियम पिक्टस'चा उल्लेख प्रथम होतो. तेथे चित्र शब्दाचा अर्थ दाखविण्याचे काम करते. चित्रपुस्तकात मात्र शब्द आणि चित्र यांची वाटणी झालेली असते. एकाने सांगायचे ते दुसरा सांगत नाही, आणि कधीकधी दोघे परस्परविरोधी बोलतात. कॅनडातील समीक्षक पेरी नोडलमन यांनी १९८८ सालच्या 'वर्ड्स अबाउट पिक्चर्स' या ग्रंथात या विसंवादाची, त्यातून निर्माण होणाऱ्या उपरोधाची सविस्तर चिकित्सा केली आहे. आपण एम.ए.च्या वर्गात कादंबरीतील अविश्वसनीय निवेदकाविषयी बोलतो. सहा वर्षांच्या मुलाला त्याची पहिली ओळख चित्रपुस्तकातून होऊ शकते, हे आपल्या ध्यानी येत नाही.

मॉरिस सेंडाक यांचे १९६३ सालचे 'व्हेअर द वाइल्ड थिंग्ज आर' हे याचे प्रसिद्ध उदाहरण. त्याला १९६४ चे कॅल्डेकॉट पदक मिळाले. खोड्या करणाऱ्या मॅक्सला आई न जेवता झोपायला पाठवते, तो मनाने राक्षसांच्या बेटावर जातो, त्यांचा राजा होतो आणि परत येतो, एवढीच गोष्ट. पण पहिल्या पानांवर लहान चौकटीत असलेली चित्रे मॅक्सच्या कल्पनेबरोबर वाढत जातात. राक्षसांचा धिंगाणा सुरू झाला की सलग तीन जोडपाने शब्दच उरत नाहीत, आणि अगदी शेवटच्या पानावर चित्र नसते, केवळ शब्द असतात. परत आलेल्या मॅक्ससाठी जेवण ठेवलेले असते आणि ते अजून गरम असते. चौकटीचे आकारमान हा येथे आशयाचा भाग आहे. ही रचना आहे, आणि रचनेची चर्चा करणे हे तर आपले काम.

आता पुरस्कारांविषयी. अमेरिकेतील ग्रंथालय संघटनेकडून दिले जाणारे कॅल्डेकॉट पदक १९३८ पासून चित्रपुस्तकाच्या चित्रकाराला मिळते आणि ते अमेरिकेचे नागरिक किंवा रहिवासी असलेल्यांपुरते मर्यादित आहे. 'इबी' या आंतरराष्ट्रीय संस्थेचा हॅन्स ख्रिश्चन अँडरसन पुरस्कार लेखकांसाठी १९५६ पासून आणि चित्रकारांसाठी १९६६ पासून दिला जातो. आपल्याकडे साहित्य अकादमीने २०१० पासून बालसाहित्य पुरस्कार सुरू केला. २०१४ साली मराठीसाठी तो माधुरी पुरंदरे यांना मिळाला. पुरंदरे लेखिका आहेत तशाच चित्रकारही आहेत. परंतु अकादमीचा पुरस्कार साहित्याचा आहे, चित्राचा स्वतंत्र विचार त्यात होत नाही. टाटा ट्रस्टच्या 'पराग' उपक्रमाने २०१६ मध्ये सुरू केलेल्या 'बिग लिटल बुक' पुरस्कारात लेखक आणि चित्रकार असे दोन स्वतंत्र विभाग आहेत. त्याच्या पहिल्याच वर्षी लेखनासाठी पुरंदरे यांची आणि चित्रांसाठी अतनु रॉय यांची निवड झाली. मराठी वाङ्मयव्यवहाराने चित्रकाराला 'सजावटकार' म्हणून श्रेयनामावलीच्या तळाशी ठेवण्याची जी प्रथा पाडली, तिच्या पार्श्वभूमीवर हा भेद लहान नाही.

पुरस्कारांवरचे आक्षेप आम्हांला ठाऊक आहेत. ते मोठ्यांनी मोठ्यांना दिलेले असतात. परीक्षक समितीत एकही आठ वर्षांचे मूल नसते. पाश्चात्त्य पुरस्कारांच्या मागे पाश्चात्त्य बालपणाची कल्पना उभी असते: स्वतंत्र खोली, झोपतानाची गोष्ट, एकटे खेळणारे मूल. पुरस्कारामुळे पुस्तक महाग होते आणि महाग पुस्तक कपाटात जाते. यातला प्रत्येक आक्षेप खरा आहे. तरीही आम्ही पुरस्कारप्राप्त पुस्तकांच्या बाजूने आहोत आणि त्याचे कारण व्यावहारिक आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेत अवांतर वाचनाच्या नावाखाली जे पोहोचते, त्यात फिकट छपाईची, भडक रंगांची, उपदेशाने संपणारी पुस्तके पुष्कळ असतात. ज्या मुलाच्या घरी दुसरे पुस्तक नाही, त्याच्या वाट्याला शाळेत निकृष्ट पुस्तक यावे आणि ज्याच्या घरी कपाटभर आहेत त्याला उत्तम मिळावे, ही विषमता वाचनाच्या पहिल्याच पायरीवर घडते. पुरस्कार ही चाळणी आहे. चाळणीतून खडे सुटतात, कधी चांगले दाणेही बाहेर पडतात. पण चाळणीच नको म्हणणाऱ्यांच्या घरात सहसा निवडलेले धान्य आधीच भरलेले असते.

असो. आता ज्या जागेविषयी आम्ही लिहीत आहोत ती जागा. न्हावा आणि शेवा ही खाडीकाठची गावे. आगरी, कोळी, कराडी समाजांची ही वस्ती मीठ, भात आणि मासळी यांवर जगत आली. नवी मुंबई आणि बंदर यांसाठी येथील जमिनी संपादित झाल्या. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील शेतकऱ्यांच्या आंदोलनावर जासई-नवघर परिसरात गोळीबार होऊन पाच जण मृत्युमुखी पडले. २६ मे १९८९ रोजी जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले. त्यासाठी शेवा कोळीवाड्यातील कुटुंबांना गाव सोडावे लागले आणि उरणजवळ हनुमान कोळीवाडा वसला. १२ जानेवारी २०२४ रोजी शिवडी ते न्हावा-शेवा या सुमारे २२ किलोमीटरच्या अटल सेतूचे उद्घाटन झाले. आज या परिसरातील मुलाला शाळेच्या वाटेवर कंटेनरची रांग, दूरच्या क्रेन, मिठागरांचे उरलेले बांध, कांदळवन आणि चिखलात उड्या मारणारे निवटे हे सगळे एकाच नजरेत दिसते. इतके दृश्य ज्याच्या डोळ्यांपुढे आहे, त्याला चित्र वाचायला शिकवावे लागेल असे आम्हांला वाटले होते, हा आमचा पहिला गैरसमज.

आम्ही वर्षभर, साधारण पंधरा दिवसांतून एकदा, शनिवारी सकाळच्या शाळेत जात होतो. तिसरी-चौथीची मिळून बावीस मुले, एक सतरंजी आणि पिशवीत पाच-सहा पुस्तके. पहिल्या दिवशी 'फ्लॉटसम' उघडले. समुद्रकिनाऱ्यावर भिंग घेऊन खेकडे न्याहाळणाऱ्या एका मुलाला लाटेबरोबर वाहून आलेला जुना, पाण्याखालचा कॅमेरा सापडतो. त्यातली फिल्म धुऊन घेतल्यावर त्याला समुद्राच्या पोटातले अद्‍भुत जग दिसते. आम्ही पाने उलटली, मुले पाहत राहिली. आणि शेवटी आमच्यातील एकाने विचारले, "तर मग, या गोष्टीतून आपण काय शिकलो?"

वर्गात शांतता पसरली. थोड्या वेळाने एका मुलीने चाचरत सांगितले, "समुद्रात कचरा टाकू नये." बाकीच्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला; उत्तर सापडले होते. पुस्तकात कचऱ्याचा विषय नाही. मुलीने पुस्तक वाचले नव्हते, तिने आम्हांला वाचले होते. मोठ्या माणसाच्या हातात पुस्तक असले की शेवटी बोधवाक्य द्यायचे असते, हे तिला तिसरीतच कळले होते. दहा वर्षांनी आमच्या प्रथम वर्षाच्या वर्गात येणारी मुले कवितेखाली 'कवीला येथे मानवतेचा संदेश द्यायचा आहे' असे वाक्य का लिहितात, याचा उगम आम्हांला त्या सतरंजीवर दिसला. तो उगम घडविण्यात आपल्या विभागांतून पदवी घेऊन गेलेल्या शिक्षकांचा, म्हणजे पर्यायाने आपलाही, वाटा आहे.

पुढच्या खेपेला आम्ही तेच पुस्तक पुन्हा नेले. इंग्लंडमधील शिक्षक-लेखक एडन चेंबर्स यांनी १९९३ सालच्या 'टेल मी' या पुस्तकात मुलांशी पुस्तकांविषयी बोलण्याची साधी पद्धत मांडली आहे. काय आवडले, काय आवडले नाही, काय कोड्यात टाकते आणि कोणती गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते, एवढेच विचारायचे. 'का' विचारण्याची घाई करायची नाही. आम्ही त्याहूनही कमी केले. पान उघडायचे आणि गप्प बसायचे. लाल माशांच्या थव्याच्या चित्रावर एक मुलगा पुढे सरकला आणि बोट ठेवून म्हणाला, "यो मावरा खरा नाय, मशीनचा हाय!" थव्यातील एका माशाच्या अंगात दातेरी चाके होती. पहिल्या दिवशी ते आम्हां दोघांच्याही नजरेतून सुटले होते. त्यानंतर अर्धा तास वर्ग आमचा राहिला नाही. कोणता मासा कोणत्या जातीचा, कासवाच्या पाठीवर गाव कसे वसेल, कासव बुडी मारेल तेव्हा माणसे काय करतील, असे प्रश्न एकमेकांना विचारले जात होते. आम्हांला कोणी विचारत नव्हते.

येथे भाषेविषयी एक निरीक्षण नोंदवणे अगत्याचे आहे. पहिल्या दिवशी ज्या मुलीने 'कचरा टाकू नये' असे प्रमाण मराठीत सांगितले, तीच दुसऱ्या खेपेला आगरीत बोलू लागली आणि थांबेना. कारण उघड आहे. छापील मजकूर असलेले पुस्तक उघडले की पानावरची भाषा ही 'बरोबर' भाषा ठरते आणि मुलाची भाषा आपोआप चूक ठरते. शब्दरहित चित्रपुस्तकात पानाला स्वतःची भाषा नसते; मूल बोलेल ती त्या पानाची भाषा होते. बोलीभाषेचे महत्त्व या विषयावर आपण चर्चासत्रे पुष्कळ घेतो. तिसरीच्या वर्गात बोलीला विनाभय अर्धा तास मिळवून देणारे इतके सोपे साधन मात्र आम्हांला तोवर ठाऊक नव्हते. यातून गुरुजींच्या प्रश्नाच्या उत्तराचा पहिला भाग मिळाला. मिनिटाला शून्य शब्द वाचून होतात हे खरे, पण त्या अर्ध्या तासात बोलल्या गेलेल्या शब्दांची मोजदाद कोणत्याही तक्त्यात नाही. जे मूल अर्थ लावत इतके बोलते, त्याच्यासाठी पुढे छापील शब्द ही परकी खूण राहत नाही.

दुसरा आक्षेप परकेपणाचा. एझ्रा जॅक कीट्स यांचे 'द स्नोई डे' हे १९६२ सालचे पुस्तक, १९६३ चे कॅल्डेकॉट पदकविजेते. शहरातल्या बर्फात दिवसभर खेळणाऱ्या पीटर या कृष्णवर्णीय मुलाची गोष्ट. ते नेताना आम्हीच साशंक होतो. हिमवर्षाव न पाहिलेल्या मुलांना यात काय मिळणार? आम्ही गोष्ट तोंडी मराठीत सांगत होतो. पीटर बर्फाचा गोळा खिशात ठेवून घरी येतो आणि नंतर पाहतो तर खिसा रिकामा, या प्रसंगाला मुले हसली नाहीत. एक जण शांतपणे म्हणाला, "बरफ होरीन भरतान, त्यो पन असाच जातो." कोळ्याच्या मुलाला बर्फ ठाऊक होता; होडीत भरून नेण्याचा, मासळीवर पसरण्याचा, आणि परत येईपर्यंत टिकला नाही तर नुकसान करणारा. पीटरच्या खिशातील हानी त्याला आमच्यापेक्षा नेमकी कळली. अमेरिकेतील अभ्यासक रुडीन सिम्स बिशप यांनी १९९० साली मुलांच्या पुस्तकांसाठी आरसे, खिडक्या आणि सरकती काचेची दारे अशी रूपके वापरली. पुस्तकात मुलाने स्वतःला पाहावे, दुसऱ्यांना पाहावे आणि दुसऱ्यांच्या जगात शिरावे. कोणते पुस्तक आरसा होईल आणि कोणते खिडकी, हे मोठ्यांनी आधीच ठरवू नये, एवढी भर आम्ही अनुभवाने त्यात घालू.

अर्थात प्रत्येक पुस्तक साधले असे नाही. तारा बुक्सचे 'द नाइट लाइफ ऑफ ट्रीज' आम्ही मोठ्या हौसेने नेले. भज्जू श्याम, दुर्गाबाई आणि रामसिंग उर्वेती या गोंड कलावंतांची झाडे, हातकागदाच्या काळ्या पानांवर हाताने केलेली छपाई. २००८ साली बोलोन्याचा पुरस्कार मिळालेले हे पुस्तक. ते वर्गात फसले आणि दोष पुस्तकाचा नव्हता. पुस्तकाची किंमत आमच्या तोंडून निघून गेली होती. त्यानंतर मुलांनी हात पाठीमागे बांधले. पाने आम्ही उलटायची आणि त्यांनी दुरून पाहायचे. काळ्या कागदाचा खरखरीत स्पर्श हा त्या पुस्तकाच्या अनुभवाचा अर्धा भाग, तोच हरवला. त्याच दिवशी गुरुजींनी आम्हांला त्यांचे कपाट दाखविले. त्यात चांगली पुस्तके होती. माधुरी पुरंदरे यांचे 'चित्रवाचन' होते, 'राधाचं घर'मधली काही होती, आणि ती नवी कोरी होती. कारण विचारल्यावर ते म्हणाले, "सर, डेडस्टॉक रजिस्टरला चढलेली आहेत. फाटली तर उत्तर मला द्यावे लागेल." शिक्षकांच्या अनास्थेविषयी बोलणाऱ्यांनी हे वाक्य लक्षात ठेवावे. जेथे कोरे पुस्तक हा चांगल्या कारभाराचा पुरावा आणि फाटके पुस्तक हा दोष मानला जातो, तेथे पुरस्कारप्राप्त पुस्तके पाठविल्याने कपाटे समृद्ध होतील, मुले नव्हेत. पुस्तक खडूप्रमाणे झिजणारी वस्तू आहे, हे नोंदवहीत मान्य झाल्याशिवाय कोणतीही वाचनचळवळ कुलपाच्या आत जाणार नाही.

सेंडाकच्या पुस्तकाने मात्र आम्हांला आमच्याच विषयाचा धडा दिला. राक्षसांना मुले घाबरली नाहीत. त्यांनी राक्षसांच्या पायांवर, दातांवर यथेच्छ विनोद केले. मॅक्सला स्वतःची खोली आहे याचे मात्र सर्वांना नवल वाटले. पुस्तक मिटल्यावर चौथीतील एक मुलगी म्हणाली की यात आई एकदाही दिसली नाही. आम्ही पाने पुन्हा उलटून पाहिली. खरेच, मॅक्सची आई पुस्तकात कोठेही चितारलेली नाही. तिचा राग शब्दांत येतो, पण ती दिसत नाही. मग त्या मुलीनेच पूर्ती केली: "आय दिसत नाय, पन जेवान गरम हाय." जे दाखविलेले नाही ते ठेवलेल्या ताटाच्या उष्णतेवरून ओळखायचे. आनंदवर्धनाचा ध्वनिसिद्धान्त शिकविताना आम्ही दरवर्षी तीच ती संस्कृत उदाहरणे देत आलो आहोत. वाच्यार्थ मागे सारून व्यंग्यार्थ कसा उमलतो, हे पदव्युत्तर विद्यार्थ्यांना समजावून सांगताना आमचा घसा कोरडा पडतो. येथे एका नऊ वर्षांच्या मुलीने, कोणी न सांगता, ते करून दाखविले होते. ही क्षमता त्या वयात असते. मधल्या दहा-बारा वर्षांत ती कोठे जाते, हा प्रश्न साहित्याच्या प्रत्येक अध्यापकाने स्वतःला विचारावा असा आहे.

'फ्लॉटसम'च्या शेवटाविषयी अजून सांगितलेले नाही. कॅमेऱ्यातील अखेरच्या छायाचित्रात एक मुलगी हातात छायाचित्र धरून उभी असते. त्या छायाचित्रात दुसरे मूल हातात छायाचित्र धरून, त्यात तिसरे. मुलगा भिंगाने, मग सूक्ष्मदर्शकाने आत आत पाहत जातो, तेव्हा अगदी आत खूप जुन्या काळातील एक मूल हात हलविताना दिसते. मग तो ते छायाचित्र हातात धरून स्वतःचा फोटो काढतो आणि कॅमेरा पुन्हा समुद्रात सोडतो. हे पान तिसऱ्या की चौथ्या खेपेस पाहताना एका मुलाने विचारले, "आमचे आजीचा फोटो असंल का त्यान?" त्याची आजी जुन्या शेव्याची. ज्या किनाऱ्यावर ती लहानपणी खेळली, तो किनारा आज बंदराच्या भिंतीआड आहे. त्याने फक्त प्रश्न विचारला होता. त्यात हळहळ नव्हती.

त्या दिवशी परतताना आम्हां दोघांत मतभेद झाला. एकाचे म्हणणे असे की हाच धागा पकडून मुलांकडून आजी-आजोबांच्या आठवणी गोळा कराव्यात, चित्रे काढून घ्यावीत, विस्थापनाचा एक छोटा दस्तऐवज तयार करावा. दुसऱ्याचे म्हणणे असे की यातही आपण पुन्हा तात्पर्यच शोधत आहोत. पहिल्या दिवशी 'कचरा टाकू नये' होते, आता 'विस्थापन' आहे, एवढाच फरक. मुलाच्या प्रश्नाला आपल्या चर्चासत्राच्या विषयात रूपांतरित करण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? हा वाद आमच्यात अजून मिटलेला नाही. आम्ही काही केले नाही. पुढच्या शनिवारी तो मुलगा आपणहून वहीचे पान घेऊन आला. त्यावर एक क्रेन होती, क्रेनच्या पायाशी होडी होती, होडीत एक बाई होती आणि तिच्या हातात चौकोन होता. चौकोनात काय आहे असे आम्ही विचारले. "अजून काढला नाय," तो म्हणाला.

त्या रिकाम्या चौकोनात मराठी चित्रपुस्तकासाठी एक काम दडलेले आहे. परदेशी पुस्तकाने एक खिडकी उघडली. पण या मुलाला स्वतःचा किनारा छापील पानावर दिसायला हवा, आणि तो तितक्याच कसबाने, तितक्याच आदराने चितारलेला हवा. तारा बुक्सने २००९ साली रमेश हेंगडी आणि शांताराम धडपे या वारली कलावंतांच्या चित्रांतून 'डू!' हे पुस्तक काढले. ठाणे-पालघरच्या भिंतींवरील रेषा त्यातून जगभर गेली. आगरी-कोळी जगाकडे अशा नजरेने पाहणारा चित्रकार आणि त्याच्या पाठीशी उभा राहणारा प्रकाशक हवा. आपल्याकडे हे अशक्य नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला शंख, शिंपले, बिया यांतूनच शिक्षणाची साधने उभी केली. परिसर हेच पाठ्यपुस्तक ही कल्पना आपल्या किनाऱ्यावरच रुजलेली आहे.

शेवटी, साहित्याच्या अध्यापकांनी काय करावे याविषयी. चित्रपुस्तक हा बालसाहित्याच्या ऐच्छिक पत्रिकेतील एक उपघटक न राहता कथनशास्त्राच्या मुख्य अभ्यासात यावा. कथनातील मौन, दृष्टिकोन, काळाचे आकुंचन-प्रसरण या संकल्पना सेंडाक, वीस्नर, पुरंदरे यांच्या पानांवर जितक्या स्वच्छ दिसतात तितक्या अन्यत्र क्वचित दिसतात. आपले अनेक विद्यार्थी पुढे शिक्षक होतात. त्यांनी निदान एक चित्रपुस्तक मुलांसमवेत, तात्पर्य न विचारता, तीन वेळा वाचलेले असावे. तीन वेळा म्हणतो, कारण आमच्या अनुभवात पहिल्या वाचनात मूल मोठ्यांकडे पाहते, दुसऱ्यात चित्राकडे आणि तिसऱ्यात स्वतःकडे. आणि पुरस्काराची मुद्रा मुलांना दाखवू नये. ती पुस्तक निवडणाऱ्यासाठी असते. वाचणाऱ्याला तिचा उपयोग नाही.

वर्ष संपताना 'फ्लॉटसम'ची आमची प्रत खिळखिळी झाली होती. दोन पाने सुटली होती, एकावर मिठाचे की घामाचे पांढरे डाग होते. ती प्रत आम्ही शाळेलाच दिली. गुरुजींनी ती रजिस्टरला चढविली नाही. खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली.